मदत हवी आहे: आधी वजनाचं ऑपरेशन की आधी गुडघा?

आई, वय 58, उंची 154 सेंमी, वजन 112 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 47. उजव्या गुडघ्यात ग्रेड 4 (सर्वांत जास्त) झीज, डाव्यात ग्रेड 3. मधुमेह आहे, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 8.1. घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, पहिल्या मजल्यावर. जिना चढताना दर पायरीवर दोन्ही पाय टेकवते, उतरताना उलटी उतरते.

करून झालंय: चार महिने फिजिओ (मांडीचे व्यायाम), डायटिशियनचा आहार (6 किलो उतरले, 4 परत आले), उजव्या गुडघ्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, आराम जेमतेम दीड महिना. रंकाळ्यावर चालायला जा असं कृपया सुचवू नका, दोनशे पावलांत बसावं लागतं.

हाडांचे डॉक्टर म्हणतात, बीएमआय 40 च्या खाली आणा, मग सांधा बदलू; एवढ्या वजनात जंतुसंसर्गाचा धोका जास्त. बॅरिॲट्रिक (वजनाच्या ऑपरेशनच्या) सर्जननी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखं करणं) आणि बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं) दोन्ही पर्याय दिलेत. एक किलो घटला की चालताना गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो, पण झिजलेली कूर्चा परत येत नाही, हे माहीत आहे. बायपासनंतर ॲसिक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी जठर-आतड्याच्या जोडावर अल्सर होऊ शकतो, आणि तिचं तर त्यावरच चाललंय. म्हणून आमचा कल स्लीव्हकडे.

ज्यांच्या घरी दोन्ही ऑपरेशनं झालीत त्यांनी सांगावं: मध्ये किती महिने ठेवले? तेवढ्यात मांडीचे स्नायू उतरू नयेत म्हणून रोज किती प्रोटीन जमलं? आणि त्या काळात दुखण्यावर पॅरासिटामॉल सोडून काय चाललं?