'ला कोल्मेना': नायक नसलेली कादंबरी वाचावी कशी?

गोदाकाठचा वाचक
गंगापूर रोडवरच्या आमच्या वाचनगटाने पुढच्या बैठकीसाठी स्पॅनिश लेखक कामिलो होसे सेला यांची 'ला कोल्मेना' (मधमाश्यांचे पोळे) इंग्रजी अनुवादातून वाचायला घेतली आहे. १९३९ मध्ये यादवी युद्ध संपल्यानंतरच्या माद्रिदचे हे चित्रण आहे, एवढे कळते. पण सुरुवातीच्या पानांतच इतकी माणसे येऊन जातात की कोणाचा माग ठेवावा ते समजत नाही. मार्तीन मार्को हा कफल्लक कवी नायक असावा असे वाटू लागते, तोच तो दिसेनासा होतो. गटातल्या निम्म्या सभासदांनी पुस्तक मिटून ठेवले आहे. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

पंचवटीकर
नायक शोधूच नका, पैशाचा माग काढा. कोणाकडे किती आहेत, कोणाची उधारी थकली आहे आणि ती भागवण्यासाठी कोण काय विकते, एवढे टिपत गेलात की माणसे आपोआप लक्षात राहतात. विक्टोरिताचेच पाहा: क्षयाने आजारी असलेल्या प्रियकराच्या औषधपाण्यासाठी ती स्वतःचे शरीर विकायला तयार होते, आणि लेखक त्यावर एक अश्रूही ढाळत नाही. दोन्या रोसाच्या कॅफेतल्या टेबलांचे संगमरवर जुन्या थडग्यांचे आहे; खालून बोटे फिरवली तर मृतांची नावे लागतात. त्याच कॅफेतून बिल न भरल्याबद्दल मार्तीनला हाकलतात, तेव्हा मालकीण वेटरकडून लाथा किती घातल्या आणि कुठे घातल्या याचा रीतसर हिशेब घेते. स्पेनमध्ये १९५२ पर्यंत रेशनिंग होते आणि काळाबाजार फोफावला होता, हे ध्यानात असले म्हणजे तिचा तोरा कशाच्या जोरावर चालतो ते उमगते.

निफाडची मास्तरीण
एक व्यावहारिक सूचना करते. प्रकरणे कालक्रमाने लावलेली नाहीत. पहिले, दुसरे आणि चौथे ही एका दिवसाची, तर सहावे, तिसरे आणि पाचवे ही दुसऱ्या दिवसाची आहेत. शेवटचा भाग त्यानंतर काही दिवसांनी घडतो. पहिल्या वाचनात छापील क्रमच ठेवावा, कारण तो गोंधळ लेखकाने हेतुपुरस्सर केलेला आहे. दुसऱ्या वाचनात हा क्रम लावून पाहावा. पात्रांची यादी मात्र करू नका. ती तीनशेच्या घरात जाते.

संशयी
कादंबरीचे मोल मान्य आहे. पण तिला सरसकट 'सामाजिक वास्तववादी' म्हणणे मला खटकते. निवेदक गरिबांनाही तितक्याच तुच्छतेने हसतो, आणि ही गरिबी कोणाच्या राजवटीने लादली, हे तो थेट सांगत नाही. शिवाय सेला यांनी स्वतः १९४० च्या दशकाच्या सुरुवातीस हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत नियतकालिकांच्या सेन्सॉरचे काम केले होते. त्यांना १९८९ मध्ये नोबेल मिळाले म्हणून ही गोष्ट पुसली जात नाही.

पंचवटीकर
पुसली जाऊ नयेच, साहेब. पण त्याच राजवटीच्या सेन्सॉर खात्याने ही कादंबरी अडवली आणि ती १९५१ मध्ये अर्जेंटिनातल्या ब्युनॉस आयर्सला छापावी लागली, हेही त्याच नोंदीत यायला हवे. राजवटीचे नाव न घेता लिहिलेले पुस्तकही राजवटीला झोंबले. मार्तीन रात्री पोलिसाने अडवताच कसा गडबडतो, आपण वृत्तपत्रांत लिहितो हे कसे घाईघाईने सांगतो, ते पुन्हा वाचा. त्या वेळी तो कोणाला भितो, हे लेखकाने वेगळे लिहायची गरज मला तरी वाटली नाही. तुच्छतेचा मुद्दा मात्र मान्य. दोन्या रोसाच्या बाबतीत ती शोभते, विक्टोरिताच्या बाबतीत नाही.