मेणबत्तीच्या मधोमध खड्डा का पडतो?

प्रश्न (घणसोली):
पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचा डबा ठेवून पाव किलो पॅराफिन वितळवलं. लेकीच्या तुटक्या मेणखडूंचा चुरा टाकला आणि कटिंगच्या ग्लासात ओतलं. सकाळी बघते तर वातीशेजारी अंगठा जाईल एवढा खड्डा! पेटवली तर दहा मिनिटांत मिणमिणून विझली. नवरा म्हणतो, आता यात तेल घाल आणि पणती म्हणून वापर. काय चुकलं?

उत्तर (कोपरी, ठाणे):
ताई, पॅराफिन निवताना आकसतं. कडा आधी घट्ट होतात, मधलं मेण खाली ओढलं जातं. सगळं एकदम ओतू नका, थोडं राखून ठेवा. वर साय धरली की वातीजवळ विणायच्या सुईने दोन-तीन भोकं पाडा आणि राखलेलं गरम करून ओता. पंख्याखाली ठेवली होती का? वाऱ्याने कडा अजून लवकर घट्ट होतात. मीही आधी ठेवायचो.

उत्तर (नेरूळ):
विझण्याला मेणखडू कारण. त्यातले रंगाचे कण विरघळत नाहीत, वातीत अडकून बसतात. मेणबत्तीचा रंग वेगळा मिळतो, चिमूटभर पुरतो. आणि डबा गॅसवर ठेवून उठू नका. मेण पेटलं तर पाणी अजिबात नाही, भडका उडतो. गॅस बंद, वर झाकण.

प्रश्नकर्ती:
पंखा पाचवर होता! विणायच्या सुया सासूबाईंच्या आहेत, विचारून बघते. मेणखडू परत केले, लेक तशीही रुसली होती.