व्यायाम आणि आहाराच्या जुन्या नोंदी नव्या ॲपमध्ये कशा न्यायच्या?

खांदा_सावरतोय

नमस्कार मंडळी. व्यायाम आणि खाणं मी ज्या एकाच ॲपमध्ये लिहीत आलो, ते बंद होणार असल्याची मेल आली आहे. डेटा वेळेत उतरवून घ्या, एवढंच त्यात म्हटलंय. मी तो उतरवून घेतला. झिपमध्ये दोन सीएसव्ही फायली (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या टेक्स्ट फायली) निघाल्या, एक व्यायामाची आणि एक आहाराची. यापुढे व्यायाम हेवी या ॲपमध्ये आणि आहार क्रोनोमीटर या ॲपमध्ये लिहायचा विचार आहे.

या नोंदींचा एवढा जीव का लागलाय, ते आधी सांगतो. माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा हात कपाळापर्यंतही जात नव्हता. तिथपासून बार डोक्यावर उचलेपर्यंतचं सगळं या फाइलमध्ये आहे, आणि जवळजवळ प्रत्येक सेटपुढे टीप आहे (हालचालीची एक फेरी म्हणजे रेप, सलग रेप्सचा गट म्हणजे सेट, आणि बँड म्हणजे व्यायामाचा रबरी पट्टा). 'लाल बँड, शेवटच्या रेपला मागून ओढ', 'कोपर भिंतीला टेकलं, दुखलं नाही', 'झोप कमी, हिरवा बँड सोडून पुन्हा लाल'. माझ्या फिजिओ वजनाच्या आकड्यांआधी या टिपाच वाचतात. कोणत्या हालचालीनंतर दुखणं उलटतं, ते आम्हाला याच टिपा मागे मागे वाचत गेल्यावर समजलं. त्या गेल्या तर नुसत्या आकड्यांना माझ्या लेखी फारसा अर्थ नाही.

आता अडचण. फाइल एक्सेलमध्ये उघडली तर मराठी टिपांच्या जागी डोक्यावर टिंबं-रेघा असलेली लॅटिन अक्षरं दिसतात, एकही शब्द लागत नाही. 'रेप्सचं लक्ष्य' या रकान्यात मी ८-१२ असं लिहीत होतो, तिथे चक्क तारखा आल्यात. बँडला किलो नसतात, मग वजनाच्या रकान्यात काय भरायचं? आणि आहाराच्या इतक्या ओळी कुठे आणि कशा न्यायच्या, तेच कळत नाहीये. कोणी हे केलं असेल तर सविस्तर सांगा.

रकाने_आणि_रेप्स

सर्वात आधी: ती फाइल एक्सेलमध्ये उघडी असेल तर सेव्ह न करता बंद करा. तुमच्या टिपा बहुतेक शाबूत आहेत. फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आहे आणि एक्सेल ती दुसऱ्याच एन्कोडिंगने वाचतंय, म्हणून तसं दिसतं. तारखांचंही तेच. मूळ फाइलमध्ये ८-१२ च आहे, पण एक्सेल उघडताना त्याची ८ डिसेंबर किंवा १२ ऑगस्ट करून टाकतं. सेव्ह केलंत की मात्र ते कायमचं.

मूळ झिप जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवा आणि काम प्रतीवर करा. एक्सेलमध्ये 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा आणि रेप्सच्या लक्ष्याचा रकाना 'टेक्स्ट' ठरवून मगच लोड करा. लिब्रेऑफिस तर उघडतानाच एन्कोडिंग आणि रकान्याचा प्रकार विचारतं. मला या कामाला तेच बरं वाटतं.

आता हेवी. त्याला स्ट्राँग ॲपची सीएसव्ही वाचता येते, म्हणून तुमची फाइल त्या साच्यात बसवायची. स्ट्राँगमध्ये एक लटका वर्कआउट लिहा, एक्सपोर्ट करा आणि त्या फाइलचे मथळे, त्यांचा क्रम, तारखेची मांडणी जशीच्या तशी उचला. एका सेटला एक ओळ असते: तारीख, वर्कआउटचं नाव, व्यायामाचं नाव, सेटचा क्रमांक, वजन, रेप्स, टिपा वगैरे. मथळे मराठीत बदलू नका, ॲप त्यांवरूनच रकाना ओळखतं.

खरा वेळ जातो व्यायामांच्या नावांत, आणि तो द्यायला हवा. वेगळ्या शीटमध्ये दोन रकाने करा, डावीकडे जुन्या ॲपमधलं नाव, उजवीकडे नव्यातलं. मग व्हीलुकअपने (यादीत नाव शोधून त्यासमोरचं नाव आणणाऱ्या सूत्राने) सगळ्या ओळी बदलून घ्या. इथे तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. डंबेलचं वजन जुन्या ॲपमध्ये एका हाताचं लिहीत होतात की दोन्हींचं मिळून? नव्या ॲपची रीत उलटी असेल तर आलेख एका दिवसात दुप्पट किंवा निम्मा होतो. दुसरं, असिस्टेड पुल-अप. तिथे ३० किलो म्हणजे यंत्राने दिलेला आधार. ती ओळ साध्या वेटेड पुल-अपमध्ये गेली तर तुम्ही कमरेला ३० किलो लटकवून पुल-अप मारल्याची नोंद होईल, आणि खांद्यासाठी मेहनत घेऊन आधार कमी केलात तर आलेख घसरलेला दिसेल. तिसरं, पौंड. एक पौंड म्हणजे ०.४५३६ किलो, १३५ पौंड म्हणजे ६१.२ किलो. एकक एकदाच बदला, फाइलमध्ये किंवा ॲपमध्ये.

बँडसाठी वजन शून्य ठेवा आणि रंग व्यायामाच्या नावात घाला: 'एक्स्टर्नल रोटेशन – लाल बँड', 'एक्स्टर्नल रोटेशन – हिरवा बँड', असे वेगळे कस्टम व्यायाम. अंदाजाने किलो अजिबात भरू नका. बँड जितका ताणाल तितका जोर वाढतो, त्यामुळे एक आकडा कधीच खरा नसतो, आणि रंगांचा क्रमही प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

चालत_राहा

थोडी भर घालतो. हे सगळं हेल्थ कनेक्ट किंवा ॲपल हेल्थ या फोनमधल्या आरोग्य-नोंदींच्या साठ्यांमधून आपोआप पलीकडे जाईल अशी आशा धरू नका. ॲपल हेल्थमध्ये व्यायामाचा प्रकार, वेळ, कॅलरी, हार्ट रेट राहतं, पण कोणत्या सेटला किती किलो, याला जागा नाही. अँड्रॉइडच्या हेल्थ कनेक्टमध्ये नव्या ॲपला परवानगी दिलीत तर एरवी त्याला मागच्या ३० दिवसांचाच डेटा वाचता येतो. त्याआधीच्यासाठी वेगळी परवानगी लागते आणि ती ॲपने मागावी लागते. शरीराचं वजन, पावलं यांच्यासाठी मात्र हा रस्ता चांगला आहे. फक्त जुन्या आणि नव्या ॲपला एकाच वेळी लिहायची परवानगी ठेवू नका, नोंदी दुहेरी होतात.

खांदा_सावरतोय

@रकाने_आणि_रेप्स, मनापासून आभार. लिब्रेऑफिसमध्ये उघडली आणि टिपा अक्षरन् अक्षर दिसल्या! 'कोपर भिंतीला टेकलं' वाचून फार बरं वाटलं. तुम्ही म्हणालात तसं स्ट्राँगचे मथळे घेऊन एकाच महिन्याची छोटी फाइल हेवीत टाकून पाहिली. सेट आणि रेप्स नीट आले.

एक शंका आहे. बेंच प्रेसचा अंदाजित १आरएम (एकाच रेपला जास्तीत जास्त उचलता येईल ते वजन) जुन्या ॲपपेक्षा वेगळा दिसतोय. ओळ तीच आहे, ६० किलो, ८ रेप्स. माझं काही चुकतंय का?

रकाने_आणि_रेप्स

नाही, डेटा बरोबर आहे, सूत्र वेगळं असेल. एप्लीचं सूत्र म्हणजे वजन × (१ + रेप्स/३०), त्याने ६० × ८ चे ७६ किलो येतात. ब्रिझिकीचं सूत्र वजन × ३६/(३७ − रेप्स), त्याने साधारण ७४.५. रेप्स वाढत जातात तसे दोन्हींचे आकडे बदलत जातात. म्हणून जुना १आरएमचा रकाना आणूच नका. तुम्ही प्रत्यक्ष उचललेलं वजन आणि रेप्स आणा, बाकीचं नव्या ॲपला मोजू द्या.

छोट्या फाइलने सुरुवात केलीत ते उत्तम. सगळी फाइल टाकण्यापूर्वी त्या चाचणीच्या नोंदी पुसा, नाहीतर तो महिना दोनदा येईल. आणि टिपा नेमक्या त्या-त्या व्यायामाखाली बसल्यात का, ते तीन-चार वेगळ्या तारखा उघडून बघा. बसल्या नसतील तर टिपांची शीट तारखेनुसार लावून पीडीएफ करा आणि फिजिओंना तीच द्या. तुमच्या खांद्याच्या बाबतीत ॲपच्या आलेखापेक्षा ती जास्त कामाची आहे.

वाटी_वजनकाटा

आहाराबद्दल मी सांगते, कारण यात लोक उगाच महिनोन्महिने अडकतात.

जेवणाची प्रत्येक ओळ नेऊ नका. व्यायामाची ओळ स्वयंपूर्ण असते: ६० किलो, ८ रेप्स, कुठेही नेली तरी तीच. आहाराची ओळ जुन्या ॲपच्या यादीतल्या एका पदार्थाकडे बोट दाखवत असते, आणि ती यादी नव्या ॲपकडे नसते. नावावरून जुळवायला गेलात की 'भात, १०० ग्रॅम' शिजलेला की कच्चा, इथेच गाडी अडते. शिजलेल्या पांढऱ्या भातात साधारण १३० कॅलरी, कच्च्या तांदळात ३६० च्या आसपास. मागच्या कुठल्याशा मंगळवारी तुम्ही कोणता निवडला होता, हे आता कोण सांगणार?

त्यापेक्षा आहाराच्या फाइलमधून दिवसाची बेरीज काढा. एका दिवसाला एक ओळ: कॅलरी, प्रथिनं, कर्बोदकं, स्निग्ध पदार्थ, तंतू आणि शेजारी त्या दिवशीचं वजन. पिव्हट टेबलने (शीटमधल्या गटवार बेरजेच्या सोयीने) हे लगेच होतं. ती शीट स्वतःकडे ठेवा. किती कॅलरींवर तुमचं वजन स्थिर राहतं, हे तिच्यातूनच कळेल, आणि नव्या ॲपमध्ये लक्ष्य ठरवताना तोच आकडा भरा, ॲपचा अंदाज नको. बेरीज तपासायची असेल तर प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येकी ४ ने आणि स्निग्ध पदार्थ ९ ने गुणून बघा. लिहिलेल्या कॅलरींपेक्षा फारच फरक पडला तर ती ओळ संशयास्पद समजा. थोडा फरक तंतूंमुळे पडतोच. आकडे चौपट आले तर ती नोंद किलोज्यूलमध्ये असेल, एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल.

नव्याने भरायच्या त्या फक्त रेसिपी, त्याही नेहमी होणाऱ्या. कच्चे जिन्नस वजन करून घाला, शिजल्यावर पूर्ण भांड्याचं वजन करून रिकाम्या भांड्याचं वजा करा आणि ते एकूण वजन म्हणून लिहा. मग रोज फक्त आपल्या ताटातले ग्रॅम टाकायचे. रिकाम्या भांड्याचं वजन रेसिपीच्या नावातच लिहून ठेवा, पुढच्या वेळी भांडं भरलेलं असतानाही काम होतं.

खांदा_सावरतोय

हे पटलं. दिवसाच्या बेरजेची शीट आज रात्री करतो. टिपा व्यायामांखाली नीट बसल्या आहेत, दोन वगळता. त्या दोन्ही ओळींत मी टिपेच्या मध्येच एंटर मारला होता, त्यामुळे ओळ तुटली होती. लिब्रेऑफिसमध्ये तो काढून स्वल्पविराम टाकला आणि पुन्हा इम्पोर्ट केलं. आता आल्या. पुढे कोणाला लागेल म्हणून लिहून ठेवतोय.