इशारा मिळतो, पण नेहमीच नाही
‘ज्वालामुखी फुटण्याआधी सूचना देतोच’ असं एक मत आहे, ते मला अर्धंच पटतं. फिलिपिन्समधल्या पिनाटुबोनं दिली खरी: मे १९९१ मध्ये सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन दोन आठवड्यांत दहापट झालं. गंमत म्हणजे जूनच्या सुरुवातीला ते एकदम घटलं. आपल्याला वाटलं असतं, सुटलो! शास्त्रज्ञांना मात्र वायूची वाट बुजून आत दाब वाढत असल्याची शंका आली. १५ जूनच्या महास्फोटाआधी हजारो लोक हलवले गेले होते.

जपानच्या ओंताकेचं उलट. २०१४ चा तो स्फोट वाफेचा होता, ताजा शिलारस वर आलाच नव्हता. भूकंपमापकावरची सलग थरथर जेमतेम ११ मिनिटं आधी सुरू झाली. इशाऱ्याची पातळी तेव्हा सर्वांत खालची, म्हणजे १ होती. शिखरावर गिर्यारोहकांची गर्दी होती, बळी ६३.