टेक्सासमधे लेककाठी आरव्ही, आईबाबांना घेऊन. कधी आणि कुठे जावं?

रानवाट:
नमस्कार मंडळी, आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, आईबाबा एप्रिलमधे येतायत ते नोव्हेंबरपर्यंत आहेत. बाबांनी आयुष्यभर शेती केली, मागच्या वेळी मॉल, मंदिर आणि आमचं बॅकयार्ड एवढंच बघून परत गेले आणि जाताना म्हणाले, तुमच्याकडची जमीन काही बघायला मिळाली नाही. ते अजून डोक्यातून जात नाहीये. म्हणून यावेळी आरव्ही (झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन तीन रात्री लेकच्या काठी राहायचं म्हणतोय, लेक टेक्सोमा नाहीतर रे रॉबर्ट्‌स. मुलांना सुट्टी म्हणून जुलै धरलाय. आरव्ही आधी कधीच चालवली नाही, २५ फुटी क्लास सी (मध्यम आकाराची आरव्ही) बघून ठेवलीये. आईचे गुडघे दुखतात, मुलं ६ आणि ९ वर्षांची. उन्हाचं कसं जमतं, हुकअप (साइटवरची वीज-पाण्याची जोडणी) कुठलं घ्यायचं, सांडपाण्याचे टॅंक रिकामे करणं खरंच इतकं घाण काम असतं का?

चाकांवरचंघर:
जुलै नका करू, मनापासून सांगतेय. आरव्हीच्या भिंती पातळ असतात, बाहेर शंभर फॅरनहाइट असलं की आतला एसी दिवसभर घरघरत राहतो आणि तरी ऐंशीच्या खाली येताना दमछाक होते, रात्री दहालाही बाहेर बसवत नाही. मग लेककाठी जाऊन खिडक्या लावून आतच बसायचं, त्याला काय अर्थ आहे. आम्ही पहिल्या वेळी हेच केलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंना चक्कर आली, तेव्हापासून घरात म्हातारं माणूस असेल तर मी जून ते मधला सप्टेंबर धरतच नाही. ऑक्टोबर बघा.

हुकअप ३० अ‍ॅंपचं की ५० चं ते तुमची गाडी ठरवते, २५ फुटी क्लास सी बहुतेक ३० वाली असते. ३० म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट, बस्स. एसी साधारण १३ अ‍ॅंप खातो, मायक्रोवेव्ह तेवढाच, आणि त्यात कुणी इन्स्टंट पॉटमधे (विजेच्या कुकरमधे) भात लावला की ब्रेकर पडलाच. स्वयंपाक गाडीतल्या गॅसवर करा नाहीतर एसी दहा मिनिटं बंद ठेवा.

साइट निवडताना नुसतं पाणी किती जवळ ते बघू नका, सावली कुठून येते ते बघा. गाडीचं छत्र म्हणजे ऑनिंग उजव्या बाजूला असतं, ती बाजू पूर्वेला आली तर दुपारनंतर गाडीचीच सावली अंगणात पडते आणि आई निवांत बसू शकतात. रे रॉबर्ट्‌सला आइल दु ब्वा भागात ओकची झाडी चांगली आहे. आणि ऑनिंग उघडं टाकून फिरायला जाऊ नका, इथला दक्षिणेचा वारा अचानक उठतो आणि दांडीसकट वाकवून टाकतो.

टॅंकचं म्हणाल तर घाण नाही, क्रमाचं काम आहे. संडासाचा ब्लॅक टॅंक बऱ्यापैकी भरेपर्यंत झडप बंदच ठेवायची, उघडी राहिली तर पाणी निघून जातं आणि बाकीचं आत वाळून बसतं. आधी ब्लॅक सोडायचा, मग ग्रे, म्हणजे आंघोळीच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे घाला, पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा ठेवा, झालं.

तळ्याकाठी:
ऑक्टोबरला माझाही पाठिंबा. फक्त पाण्याबद्दल चार गोष्टी सांगतो कारण मुलं लहान आहेत.

हे लेक म्हणजे आपल्या धरणाचे जलाशयच. टेक्सोमा रेड नदीवर १९४४ साली पुरं झालेल्या डेनिसन धरणाने झालंय. त्यामुळे काठाचा उतार एकसारखा नसतो, गुडघाभर पाण्यातून पुढच्या पावलाला एकदम खोल, शिवाय बुडालेली झाडं. स्टेट पार्कात लाइफगार्ड नसतात. बोटीवर (२६ फुटांपेक्षा लहान) १३ वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट कायद्यानेच घालावं लागतं, पण मी म्हणतो काठावर खेळतानाही घाला. कडक उन्हाळ्यात पाणी कोमट होतं तेव्हा नाकात पाणी जाऊ देऊ नका, मेंदूला होणारा अमीबाचा संसर्ग नाकावाटेच होतो, फार क्वचित होतो पण झाला तर माणूस बहुतेक वाचत नाही. आणि पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला तर कुणीच उतरू नका.

मे महिनाही सगळे सुचवतील, हवा छान असते खरी, पण तो वादळांचा महिना. टेक्सोमाचं पाणी नेहमी समुद्रसपाटीपासून ६१७ फुटांच्या आसपास असतं, २०१५ च्या मेमधे ते ६४० फुटांचा सांडवा ओलांडून गेलं होतं, असं पाणी चढलं की काठच्या साइट पाण्याखाली जातात. आणि टॉर्नेडोची वॉर्निंग आली तर आरव्हीत थांबायचं नाही, पार्कातल्या पक्क्या बांधणीच्या बाथरूममधे जायचं. पोचल्यापोचल्या आपण कुठल्या काउंटीत (जिल्ह्यात) आहोत ते कागदावर लिहून ठेवा, वॉर्निंगमधे काउंटीचं नाव सांगतात, कॅंपग्राउंडचं नाही.

गुडघेदुखी:
मी थोडं वेगळं सांगते. आईंचे गुडघे दुखतात ना, मग आरव्हीच्या त्या उंच अरुंद पायऱ्या दिवसातून वीस वेळा चढायच्या, संडासात वळायला जागा नाही, झोपायचं डायनेटचं, म्हणजे जेवायच्या कोपऱ्याचं, टेबल पाडून. माझ्या आईला दुसऱ्याच दिवशी नकोसं झालं पण आम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही, परत आल्यावर कळलं. ऑक्टोबरात जाणार असाल तर टेक्सोमाच्या काठच्या आयझेनहॉवर स्टेट पार्कात स्क्रीन्ड शेल्टर मिळतात, जाळीची खोलीच म्हणा ना, आत कॉट टाका, वारा खेळतो, डास नाहीत. आरव्ही हवीच असेल तर भाड्याने घेण्याआधी आईंना एकदा नेऊन चढून उतरून बघू दे. आणि त्यांनाच विचार, तुम्ही दोघांनी परस्पर ठरवू नका.

गवतात बसायचं असेल तर पायघोळ कपडे आणि मोजे, चिगर नावाची माइटची बारीक पिल्लं असतात, डोळ्याला दिसत नाहीत आणि आठवडाभर खाज जात नाही. आईंना साडीत गवतातून चालू देऊ नकोस.

रानवाट:
सगळ्यांचे खूप आभार, जुलै रद्द. गुडघेदुखी ताई, तुमचं वाचून आईला फोन केला, ती आधी काही नाही ग चालेल म्हणाली आणि मग हळूच विचारलं, पायऱ्या किती आहेत. शेल्टर बघते. बाबांना जमीन दाखवायला मात्र कुठे नेऊ?

चाकांवरचंघर:
अगं मग एक दिवस वेगळा काढून सीडर हिल स्टेट पार्कात न्या, डॅलसच्या दक्षिणेला, जो पूल नावाच्या लेकवर. तिथे ब्लॅकलॅंड प्रेरीचे (काळ्या मातीच्या गवताळ माळाचे) उरलेसुरले तुकडे जपलेत, मूळ प्रेरीतलं एक टक्क्याहून कमी शिल्लक आहे, बाकी सगळी नांगराखाली नाहीतर घरांखाली गेली. ऑक्टोबरात लिटल ब्लूस्टेम गवत तांबूस होतं. आणि मुख्य म्हणजे माती! काळीभोर, उन्हाळ्यात हातभर भेगा आणि पावसात चाक रुतवणारी, अगदी आपली कपाशीची जमीन, इथेही तिच्यात कापूसच पिकवायचे. पार्कात जुना पेन फार्म आहे, कोठारं, अवजारं सगळं ठेवलंय, बाबांना तिथून हलवावं लागेल. पाऊस पडून गेला असेल तर ट्रेल बंद असतात, निघायच्या आधी फोन करा.

स्टेट पार्कचं रात्रीचं बुकिंग ५ महिने आधी उघडतं, म्हणजे मधल्या ऑक्टोबरसाठी मधल्या मेमधे, सकाळीच बसा. शुक्रवार-शनिवार पटकन जातात, रविवार ते बुधवार मिळतंय का बघा. शेकोटी करायची असेल तर त्या काउंटीत बर्न बॅन (आग पेटवायला बंदी) नाही ना ते आदल्या दिवशी बघून घ्या.

रानवाट:
बाबांना आत्ताच सांगितलं. म्हणाले, मातीची एक मूठ आणता येईल का बघ. पार्कातून माती उचलता येत नाही असं वाटतं, पण हातात घेऊन बघायला काय हरकत आहे म्हटलं त्यांना.