मदत हवी आहे: लॅनवर ४४५ (फाइल शेअरिंगचा पोर्ट) ब्लॉक केला, तरी शेजारच्या पीसीचं फोल्डर उघडतंय

ऑफिसात पीएफसेन्स फायरवॉल आहे. २५ पीसी, १ फाइल सर्व्हर, २ नेटवर्क प्रिंटर, सगळे १९२.१६८.१.० /२४ मध्ये. डोमेन नाही, वर्कग्रुप. बाहेरून एकही पोर्ट उघडा नाही. एक पीसी बाधित झाला तर बाकीचे वाचावेत म्हणून लॅन टॅबवर सर्वांत वर ४४५ आणि ३३८९ (रिमोट डेस्कटॉप) ब्लॉक केले, लॉगही चालू केला. तरी फोल्डर उघडतंय आणि लॉग कोरा. क्रम चुकलाय का?

स्विचवाला:
क्रम बरोबर आहे, पॅकेटच तिथे पोचत नाही. एका सबनेटमधले पीसी एआरपीने एकमेकांचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) काढून स्विचवरून परस्पर बोलतात, गेटवेला, म्हणजे पीएफसेन्सला, कोणी विचारत नाही.

मॅनेज्ड स्विच असेल तर त्यावर व्हीएलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क, प्रत्येकाचा सबनेट वेगळा) करा: सर्व्हर व्हीएलॅन १० वर, पीसी २०, प्रिंटर ३०, अ‍ॅडमिन ९९. नव्या इंटरफेसवर पीएफसेन्स काहीच सोडत नाही. मग लोक वैतागून 'एनी टू एनी' (कुठूनही कुठेही पास) टाकतात आणि व्हीएलॅन नावापुरता उरतो. तसं करू नका. ट्रॅफिक जिथून आत शिरतं त्या टॅबवरचे रूल वरून खाली तपासले जातात, म्हणून २० च्या टॅबवर हा क्रम ठेवा: सर्व्हरच्या आयपीला टीसीपी ४४५ पास, प्रिंटरना ९१०० (छपाईचा पोर्ट), फायरवॉलच्या २० वरच्या पत्त्याला डीएनएससाठी ५३. मग 'धिस फायरवॉल'ला (पीएफसेन्सच्या स्वतःच्या सगळ्या पत्त्यांना) रिजेक्ट, १०.०.०.० /८, १७२.१६.०.० /१२, १९२.१६८.०.० /१६ या खाजगी रेंजच्या अलायसला (नाव दिलेल्या यादीला) लॉगसकट रिजेक्ट, आणि शेवटी ८० व ४४३ पास.

'धिस फायरवॉल' गाळलात तर वॅनच्या (इंटरनेटच्या बाजूच्या) पब्लिक आयपीवरून पीएफसेन्सचं लॉगिन पान आतल्या कुणालाही उघडेल, कारण तो पत्ता अलायसमध्ये नाही. आत ब्लॉकपेक्षा रिजेक्ट बरा: नकार लगेच कळतो, नाहीतर टाइमआउटपर्यंत चक्र फिरत बसतं आणि फोन तुम्हाला येतो.

धागाकर्ता:
केलं. आता सर्व्हरचं शेअरच उघडत नाही! पीएफसेन्सच्या लॉगमध्ये मात्र पास दिसतंय.

स्टेटफुल:
सर्व्हरचा विंडोज फायरवॉल अडवतोय. प्रायव्हेट प्रोफाइलमध्ये 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग (एसएमबी-इन)' या, म्हणजे ४४५ वर आत येणाऱ्या शेअरिंगच्या, रूलचा स्कोप 'लोकल सबनेट' असतो. पीसी आता परक्या सबनेटमधून येतायत. रिमोट अ‍ॅड्रेसमध्ये व्हीएलॅन २० ची रेंज घाला.

२० मधले पीसी आपसात अजून मोकळेच आहेत. स्विचवर पोर्ट आयसोलेशन लावा, शिवाय पीसींवरचा तोच एसएमबी-इन रूल बंद करा. '४४५ ब्लॉक, अ‍ॅडमिनला अलाऊ' अशी जोडी तिथे करू नका. विंडोजमध्ये क्रम नसतो, ब्लॉक अलाऊला हरवतो. अ‍ॅडमिनला लागणारच असेल तर अलाऊ रूलच्या स्कोपमध्ये फक्त त्याचा आयपी ठेवा.

तपासण्याआधी पीएफसेन्सच्या डायग्नोस्टिक्समधून, ज्या पीसीवरून तपासताय त्याच्या आयपीच्या स्टेट्स (फायरवॉलने लक्षात ठेवलेली चालू कनेक्शन्स) मारा, नाहीतर जुनी सेशन्स रूल बदलूनही चालू राहतात. आणि पिंगवर जाऊ नका, त्यातून ४४५ चं काही कळत नाही. पॉवरशेलच्या टेस्ट-नेटकनेक्शनला ४४५ पोर्ट देऊन बघा.