दळण आधीच झालेलं असतं

काही खडकांची बारीक पूड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. पण दगड दळायलाच इतकी वीज जाईल, मग कार्बन शोषून फायदा काय, हा त्यावरचा आक्षेप खाणीच्या गाळाला, म्हणजे धातू काढून उरलेल्या दगडाच्या पुडीला, लागू होत नाही. निकेल काढायला तो खडक आधीच पिठासारखा दळलेला असतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या माउंट कीथ या निकेलच्या खाणीचा गाळ, खाण चालू असताना, आपोआपच वर्षाला सुमारे ४०,००० टन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवत होता, म्हणजे खाणीच्या उत्सर्जनाच्या साधारण ११ टक्के. गाळातल्या मॅग्नेशियमयुक्त खनिजांपैकी ब्रुसाइट झटपट कामाला लागतं, सर्पेंटाइन मात्र भलतंच आळशी. शिवाय वर कार्बोनेटची, म्हणजे शोषलेल्या कार्बनपासून बनलेल्या खनिजाची, पांढरी खपली धरली की खाली हवा नीट पोचत नाही, म्हणून गाळ अधूनमधून नांगरावा लागतो. आणि हो, सर्पेंटाइनमध्ये क्रिसोटाइल हा तंतुमय प्रकार असेल तर तो ॲस्बेस्टॉसच, श्वासातून गेला तर फुप्फुसांना घातक, तेव्हा नांगरताना धुळीचं काय करणार तेही ठरवावं लागेल.